ऑटोकॅडमधून पीडीएफ काढताना बॉर्डर कापली जाते, स्केल चुकतं, काही शीट उभ्या येतात: दोष नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बंगल्याच्या वर्किंग ड्रॉइंगच्या शीट ऑटोकॅडच्या लेआउटमध्ये, म्हणजे छापायचं पान मांडायच्या टॅबमध्ये, ए१ आकारावर लावल्या आहेत. पीडीएफ काढली की बॉर्डरच्या दोन बाजू गायब होतात. 'फिट टू पेपर' केलं की बॉर्डर पूर्ण दिसते, पण प्रिंटवर स्केलपट्टी लावली की माप जुळत नाही. काही शीट आडव्या येण्याऐवजी उभ्या येतात. आणि तीच फाइल दुसऱ्या ऑफिसात उघडली की तिथे आणखी निराळाच गोंधळ होतो.

या चारही तक्रारी एकाच सेटिंगच्या नाहीत. म्हणून आधी कशालाही हात न लावता एक गोष्ट ठरवा: बिघाड ड्रॉइंगवरून पीडीएफ होताना झाला, की पीडीएफवरून कागदावर येताना? बहुतेक लोक हातात आलेला प्रिंट पाहून ऑटोकॅडमधली सेटिंग बदलत सुटतात, आणि दोष असतो प्रिंटरच्या खिडकीत. मग जे बरोबर होतं तेही बिघडतं.

हे ओळखण्यासाठी प्रत्येक टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरच्या नाव-स्केलच्या चौकटीत) लेआउटच्या बाजूने, म्हणजे व्ह्यूपोर्टच्या (लेआउटवरच्या ज्या खिडकीतून ड्रॉइंग दिसतं तिच्या) बाहेर, बरोबर १०० मिमीची एक रेघ कायमची काढून ठेवा. तिच्याखाली '१०० मिमी' असं लिहा. आता पीडीएफ अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबा. तिथे पानाचा आकार दिसतो. ए१ असेल तर ८४१ × ५९४ मिमी दिसायला हवा. मग मोजायच्या टूलने ती रेघ मोजा. पान ८४१ × ५९४, बॉर्डर पूर्ण आणि रेघ १०० भरली, तर पीडीएफ निर्दोष आहे, दोष प्रिंट काढण्यात आहे. पान बरोबर पण रेघ ९४-९६ भरली, तर प्लॉट, म्हणजे ऑटोकॅडमधली छपाई, १:१ वर झालेला नाही. रेघ बरोबर पण बॉर्डर कापलेली, तर दोष मार्जिनचा. आणि पानाचा आकारच भलता असेल, म्हणजे ए१ मागितला आणि ए३ मिळाला, तर प्लॉटरचं (ऑटोकॅडमध्ये निवडलेल्या छपाईच्या साधनाचं) नाव किंवा कागदाचं नाव चुकलंय. एवढं एका मिनिटात कळतं.

आता बॉर्डर का कापली जाते ते पाहू. ऑटोकॅडच्या 'डीडब्ल्यूजी टू पीडीएफ' प्लॉटरमध्ये ए१ नावाचे कागद एकापेक्षा जास्त आहेत. नुसता 'आयएसओ ए१' निवडला तर त्याला समोरासमोरच्या दोन बाजूंना जवळपास १८ मिमी आणि उरलेल्या दोन बाजूंना जवळपास ६ मिमी मार्जिन असतं. त्या पट्ट्यात ऑटोकॅड काहीच छापत नाही. पीडीएफला खरं तर मार्जिनची गरज नाही, ती काही शाईची मशिन नव्हे. पण ड्रायव्हर बनवताना खऱ्या प्लॉटरसारखं मार्जिन ठेवलेलं आहे. दुसरीकडे ड्रॉइंग शीटच्या आयएसओ ५४५७ या मानकात फाइलिंगसाठी डावीकडे २० मिमी आणि बाकी तीन बाजूंना १० मिमी सोडून बॉर्डर काढायला सांगितलं आहे. आपल्याकडचे बरेचसे टायटल ब्लॉक याच मापांचे असतात. आता हिशोब करा: बॉर्डर कडेपासून १० मिमीवर आणि छापायची हद्द १८ मिमीवर. दोन बाजू जाणारच.

उपाय म्हणजे कागदाच्या यादीत 'आयएसओ फुल ब्लीड ए१ (८४१ × ५९४)' निवडायचा. त्याला मार्जिन शून्य असतं. लेआउटच्या पांढऱ्या पानावर जी तुटक रेघ दिसते ती छापण्याची हद्द असते. फुल ब्लीड निवडल्यावर ती पानाच्या कडेला चिकटते.

पण इथे एक खाच आहे, आणि इथेच लोक वैतागून परत जुन्या सेटिंगवर जातात. लेआउटचा शून्य बिंदू पानाच्या कोपऱ्यावर नसतो, छापण्याच्या हद्दीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर असतो. मार्जिन बदललं की हा बिंदू सरकतो, त्यामुळे फुल ब्लीड निवडताच सगळी शीट पानावर एका कोपऱ्याकडे सरकलेली दिसते. घाबरू नका. लेआउटमध्ये बॉर्डर, टायटल ब्लॉक, व्ह्यूपोर्ट, टिपा असं सगळं एकदम सिलेक्ट करून मूव्ह करा आणि शीटचा खालचा डावा कोपरा ०,० वर आणून बसवा. लेआउटमधून व्ह्यूपोर्ट हलवला तरी त्याच्या आतलं चित्र आणि स्केल जसंच्या तसं राहतं. हे काम टेम्पलेटमध्ये एकदा केलं की पुन्हा करावं लागत नाही.

प्लॉटच्या खिडकीत 'व्हॉट टू प्लॉट' मध्ये 'लेआउट' निवडा, स्केल १:१, ऑफसेट ०,०. 'सेंटर द प्लॉट' तिथे फिकट होतं, ते तसंच असायला हवं. 'विंडो' घेऊन बॉर्डरचे दोन कोपरे टिपायची आणि 'फिट' वर टिक करायची सवय अगदी जुन्या ड्राफ्ट्समनमध्येही असते, कारण ते मॉडेल स्पेसमधून, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या मूळ जागेतून, प्लॉट करायला शिकलेले असतात. मार्जिनवाल्या ए१ वर ए१ मापाची शीट 'फिट' केली की ती चार ते सहा टक्के बारीक होते. १:१०० वर ३ मीटरची भिंत ३० मिमी यायची ती साडेअठ्ठावीसच्या आसपास येते. टायटल ब्लॉकमध्ये मात्र दिमाखात '१:१००' लिहिलेलं असतं. साइटवरचा फोरमन पट्टी लावून माप काढतो. 'स्केल करून मोजू नये' ही टीप कुणी वाचत नाही, हे गृहीत धरूनच चाला.

'एक्स्टेंट्स' तर लेआउटमध्ये वापरूच नका. बॉर्डरच्या बाहेर कुठेतरी एक सुटा पॉइंट किंवा रिकामा टेक्स्ट पडलेला असला की सगळी शीट कोपऱ्यात टिचभर होऊन बसते. असं झालंच, तर झूम एक्स्टेंट्स करून तो बाहेरचा तुकडा शोधा आणि पुसा.

स्केलचा दुसरा दोष व्ह्यूपोर्टमध्ये असतो, आणि त्याचा पीडीएफशी काही संबंध नसतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर १:१०० साठी झूममध्ये १/१००एक्सपी (एक्सपी म्हणजे लेआउटच्या मापाच्या किती पट) द्यायचं. सिव्हिलची मंडळी, विशेषतः रस्ते-पाइपलाइनवाले, मीटरमध्ये ड्रॉइंग करतात. तिथे त्याच १:१०० साठी १०एक्सपी लागतं, कारण लेआउट मिलिमीटरमध्ये आहे आणि एक मीटर म्हणजे १००० मिमी. सर्व्हेची मीटरमधली साइट आणि आर्किटेक्टचा मिलिमीटरमधला प्लॅन एका शीटवर आणताना दोन व्ह्यूपोर्टना दोन निराळे आकडे लागतील, ते तसेच असू द्या. फूट-इंचात काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: १/८ इंच म्हणजे १ फूट हे स्केल १:९६ आहे, १:१०० नव्हे. चार टक्क्यांचा फरक पडतो आणि त्याचं खापर पीडीएफवर फुटतं. स्केल एकदा लागलं की व्ह्यूपोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिस्प्ले लॉक्ड' ला 'येस' करा. नाहीतर कुणीतरी आत जाऊन माउसचं चाक फिरवतं आणि स्केल कधी बिघडलं ते कळतही नाही.

लेआउट इंचात सेट झालेला असेल, म्हणजे कुणीतरी 'एसीएडीआयएसओ' ऐवजी 'एसीएडी' टेम्पलेटवरून फाइल सुरू केली असेल, तर सगळं २५.४ पट चुकतं. ते लपत नाही, लगेच दिसतं, म्हणून त्याची मला फारशी भीती वाटत नाही. भीती चार टक्क्यांच्या चुकीची असते, कारण ती दिसत नाही.

आता कागदावरचा प्रिंट. ए१ ची शीट ए३ वर काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती चांगली आहे, कारण ए३ ची लांबी-रुंदी ए१ च्या बरोबर निम्मी असते. १:१०० चं १:२०० होतं आणि तीच पट्टी चालते. पण त्यासाठी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'कस्टम स्केल ५०' द्यावं लागतं. 'फिट' दिलं की प्रिंटर स्वतःचं चार-पाच मिमी मार्जिन सोडून उरलेल्या जागेत शीट बसवतो. ५० च्या जागी साडेअठ्ठेचाळीस टक्के होतात आणि १:२०० चं १:२०६ होऊन बसतं. ए१ ची पीडीएफ ए१ वरच काढताना 'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडा. प्लॉटरच्या दुकानात देताना तोंडी सांगून भागत नाही. फाइलच्या नावातच 'ए१_शंभर टक्के' असं लिहून द्या. दुकानात ३६ इंची, म्हणजे ९१४ मिमीचा रोल असतो. त्यावर ए१ काय, ८४१ रुंदीचा ए० सुद्धा बसतो, त्यामुळे तिथे 'फिट' करायचं काही कारणच नाही. परत आल्यावर आधी त्या १०० मिमीच्या रेघेवर पट्टी लावा, मग पैसे द्या.

ए३ वर निम्मं करायचंच असेल तर दोन गोष्टी आधीच सांभाळा. १० मिमीची बॉर्डर निम्मी होऊन कडेपासून ५ मिमीवर येते आणि ऑफिसच्या लेझर प्रिंटरची हद्दही तिथेच असते. एखादी बाजू जातेच. म्हणून मी ए१ च्या टायटल ब्लॉकमध्ये उजवीकडे, वर आणि खाली १० ऐवजी १५ मिमी ठेवतो. आणि ०.१३ ची रेघ निम्मी झाली की दिसेनाशी होते, तेव्हा सगळ्यात बारीक रेघ ०.१८ ठेवा. अडीच मिमीची अक्षरं सव्वा मिमीची होतात, ती वाचायला त्रास होतो, पण वाचता येतात. त्याहून बारीक टीप लिहूच नका.

काही शीट उभ्या का येतात? प्रत्येक लेआउटला स्वतःचं पेज सेटअप असतं. एक लेआउट कॉपी करून दुसरा केला, तिसरा कुठल्या जुन्या प्रोजेक्टमधून आणला, की प्रत्येकाचं सेटअप वेगळं. कुठे '८४१ × ५९४', कुठे '५९४ × ८४१', कुठे लँडस्केप, कुठे पोर्ट्रेट. एकेक दुरुस्त करत बसू नका. पेज सेटअप मॅनेजरमध्ये 'ए१_पीडीएफ' अशा नावाचा एक सेटअप बनवा: प्लॉटर, फुल ब्लीड कागद, लेआउट, १:१, सीटीबी (रेघांचे रंग आणि जाडी ठरवणारी फाइल), लँडस्केप, सगळं त्यात. मग पब्लिशच्या (सगळ्या शीट एकदम छापायच्या कमांडच्या) खिडकीत सगळ्या शीट निवडून पेज सेटअपच्या रकान्यात तेच नाव द्या. दुसऱ्या फाइलमध्ये हवं असेल तर 'इम्पोर्ट' ने आणता येतं. पब्लिशच्या यादीत मॉडेल टॅबसुद्धा आपोआप येऊन बसतात. ते काढून टाका, नाहीतर पीडीएफमध्ये मध्येच एक विचित्र पान येतं. यादी एकदा जमली की सेव्ह करा, पुढच्या रिव्हिजनला पाच मिनिटं वाचतात.

तुम्ही ऑटोकॅडचा पीडीएफ प्लॉटर न वापरता 'अ‍ॅडोबी पीडीएफ' प्रिंटर वापरत असाल, तर उभ्या पानांचं कारण निराळं असू शकतं. त्यात 'ऑटो-रोटेट पेजेस' नावाचं एक सेटिंग आहे. ते प्रत्येक पानावरची अक्षरं कुठल्या दिशेला आहेत ते पाहून पान फिरवतं. ज्या शीटवर उभी मापं जास्त, ती शीट उभी. हे बंद करा. आणि 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' या कामाला वापरू नका. त्याच्या नेहमीच्या यादीत ए१ नसतोच, मोठ्यात मोठा ए३, आणि मग लोक तिथे 'फिट' करतात.

तयार पीडीएफ जोडण्यासाठी इंटरनेटवरची फुकट साधनं वापरताना जपून. त्यातली काही सगळी पानं ए४ करून टाकतात. जोडल्यावर पुन्हा कंट्रोल-डी.

दुसऱ्या ऑफिसात फाइल बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा एका संदेशात असतं, जो वाचण्याआधीच सगळे 'ओके' दाबतात: लेआउटमधला कागद निवडलेल्या प्लॉटरला मान्य नाही, म्हणून प्लॉटरचा कागद वापरला जाईल. तुमच्या ड्रॉइंगमध्ये फक्त प्लॉटरचं नाव साठवलेलं असतं, प्लॉटर नाही. तुम्ही रस्त्याच्या लांबलचक प्रोफाइलसाठी २ मीटरचा कस्टम कागद बनवला असेल, तर त्याची माहिती पीएमपी फाइलमध्ये असते आणि ती पीसी३ (प्लॉटरच्या सेटिंगच्या) फाइलला जोडलेली असते. दोन्ही फाइल आणि सीटीबी समोरच्याला दिल्याशिवाय तुमचं पान तिकडे उमटणार नाही. प्लॉटर मॅनेजर कमांड दिली की तो फोल्डर उघडतो. माझं मत विचाराल तर ऑफिसाबाहेर जाणाऱ्या ड्रॉइंगमध्ये कस्टम कागद टाळावा आणि ऑटोकॅडसोबत येणारा साधा पीडीएफ प्लॉटरच वापरावा.

पान जागेवर बसलं की मग आतल्या गोष्टी. व्ह्यूपोर्टची चौकट छापली जात असेल तर तिच्यासाठी वेगळी लेयर करून त्या लेयरचा प्लॉट बंद करा. 'डेफपॉइंट्स' लेयरवर टाकू नका. ती लेयर कधीच छापली जात नाही हे खरं, पण मग हळूहळू लोक तिच्यावर भिंतीही काढतात आणि पीडीएफमध्ये भिंती कुठे गेल्या म्हणून विचारतात. वाइपआउट (खालचं ड्रॉइंग झाकणारा तुकडा) आणि इमेजच्या चौकटींसाठी 'फ्रेम' ला २ द्या: स्क्रीनवर दिसतात, छापल्या जात नाहीत. तुटक रेघा सलग दिसत असतील तर 'पीएसएलटीस्केल' १ करून रीजेनऑल करा. हॅच अक्षरांवर बसला असेल तर 'टेक्स्टटूफ्रंट'.

रंगाचं जरा नीट सांगायला हवं. मोनोक्रोम सीटीबी लावूनही काही रेघा रंगीत येतात, कारण सीटीबीला फक्त १ ते २५५ क्रमांकाचे रंग कळतात. कुणी 'ट्रू कलर' मधून रंग दिला असेल तर सीटीबी त्याला हात लावत नाही. आर्किटेक्टकडून आलेल्या फर्निचरच्या ब्लॉकमध्ये हे हमखास सापडतं. उलट सबमिशन ड्रॉइंगला मोनोक्रोम लावलात तर फाइल परत येईल. महानगरपालिकेच्या मंजुरीच्या नकाशात रंगांना अर्थ असतो: प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं काम पिवळं, वगैरे. तेव्हा वर्किंगसाठी एक पेज सेटअप, सबमिशनसाठी दुसरा, अशी दोन नावं टेम्पलेटमध्येच ठेवा.

मराठी अक्षरांचा त्रास विचारला नसला तरी तो होणारच, म्हणून सांगतो. टेक्स्ट स्टाइल 'सिम्प्लेक्स' सारख्या एसएचएक्स (ऑटोकॅडच्या स्वतःच्या, रेघांच्या) फॉन्टची असेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. युनिकोडमध्ये टाइप करा आणि स्टाइलला 'निर्मला यूआय' द्या. विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. जुन्या लिपी-फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असलेली फाइल ज्या मशिनवर तो फॉन्ट नाही तिथून पीडीएफ केली, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळते. त्यावर इलाज एकच, फॉन्ट असलेल्या मशिनवरूनच पीडीएफ काढायची. प्लॉटरच्या 'पीडीएफ ऑप्शन्स' मध्ये फॉन्ट पीडीएफमध्ये घ्यायचा की अक्षरांच्या रेघा करायच्या हे निवडता येतं. जोडाक्षरं फुटत असतील तर रेघा करून पाहा. तेवढ्यानं फाइल थोडी वाढते आणि त्यात शब्द शोधता येत नाहीत.

रीडरमध्ये प्रत्येक मापावर माउस नेला की छोटी चौकट उघडते, कडेला शेकडो 'कॉमेंट' दिसतात, हा एसएचएक्स अक्षरांचाच परिणाम आहे. ऑटोकॅड २०१७ पासून 'पीडीएफएसएचएक्स' ० केलं की हे थांबतं. २०१६ मध्ये याचंच नाव 'ईपीडीएफएसएचएक्स' होतं.

फाइल अवाढव्य होत असेल तर आधी प्लॉटच्या खिडकीतली 'प्लॉट ट्रान्स्परन्सी' ची टिक काढा. ती लागली की रेघांचं चित्र होतं. झूम केल्यावर कडा करवतीसारख्या दिसतात. खरंच पारदर्शक रंग हवे असतील तेवढ्याच शीटला ती ठेवा. आणि सर्व्हेची फाइल यूटीएमच्या (नकाशाच्या मीटरमधल्या ग्रिडच्या) खऱ्या कोऑर्डिनेटवर असेल, म्हणजे उत्तरेचा आकडा वीस लाखांच्या घरात, तर हॅच तुटलेला किंवा नुसताच ठोकळा दिसू शकतो. तिथे हॅचचा ओरिजिन साइटच्या जवळ आणून ठेवा. सर्व्हे हलवून ०,० वर आणू नका, पुढे आखणी करताना रडायची वेळ येते.

रेव्हिट (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: २०२२ पासून पीडीएफ एक्सपोर्ट आतच आहे, तोच वापरा. झूम १००, जागा 'सेंटर'. शीटच्या एखाद्या व्ह्यूमध्ये सावल्या चालू असतील तर तो व्ह्यू चित्र म्हणून जातो, तेव्हा रेघा फिकट का आल्या याचं उत्तर तिथे शोधा.

व्हॉट्सअ‍ॅपवर साइटला पाठवताना पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून जाऊ द्या. स्क्रीनशॉट काढून फोटो पाठवला की पानाचा आकार, स्केल, सगळं संपलं, आणि नेमका तोच फोटो प्रिंट होऊन बारबेंडरच्या हातात पडतो.

हे सगळं करूनही एखादी शीट ऐकत नसेल तर ई-ट्रान्समिट (ड्रॉइंगला लागणाऱ्या फाइल एकत्र बांधणारी कमांड) करून फाइल द्या, त्यात फॉन्ट घ्यायची टिक करा, सीटीबी आहे ना ते पाहा, पीसी३ आणि पीएमपी वेगळ्या टाका, आणि सोबत बिघडलेली पीडीएफही ठेवा. नुसती ड्रॉइंग फाइल माझ्या मशिनवर बहुतेक नीटच प्लॉट होईल आणि त्यातून काहीच कळणार नाही.